खोक्यांच्या मागे

"सहीचं नंतर बघू. आधी मला ते दाखवा," ती म्हणाली.

धुलाईखान्यातली सगळी यंत्रं एकदम चालू होती, त्यामुळे एवढंही तिला ओरडूनच सांगावं लागलं. समोर उभी असलेली मुलगी तिशीची असेल. गळ्यात ओळखपत्र, काखेत पातळशी फाईल, आणि वाफेने धुरकटलेला चष्मा. संशोधन करते म्हणाली होती, आणि गोदामातल्या एका जुन्या अपघाताचं चित्रण वापरायला तिला सही हवी होती. इस्पितळाच्या चादरी धुतल्या जातात तिथे संशोधन करणारं कुणी आजवर फिरकलं नव्हतं. पलीकडच्या बायका हातातलं काम तसंच ठेवून माना वळवून बघत होत्या.

"ताई, ते बघणं सोपं नाही. आणि बघायलाच पाहिजे असं काही नाही."

"माझा नवरा आहे ना त्यात? तुम्ही बघितलं, तुमच्या साहेबांनी बघितलं, तुमच्या यंत्राने बघितलं. मीच तेवढी राहिले."

मुलीने चष्मा ओढणीला पुसला आणि पत्ता लिहून दिला.

तिचा नवरा मालाच्या मोठ्या गोदामात कामाला होता. खोकी उतरवायची, रचायची, पुन्हा चढवायची. पुढे तिथे चालकाशिवाय चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांतल्याच एका गाडीने चार वर्षांपूर्वी त्याला लोखंडी मांडणीवर चेपलं. चौकशी झाली आणि निकाल एका वाक्यात आला: कामगार अचानक गाडीच्या वाटेत आला.

ते वाक्य घराला चिकटून बसलं. भेटायला येणारे हळू आवाजात म्हणायचे, "घाईच नडली हो त्यांची." रिकाम्या रस्त्यावरसुद्धा दोन्हीकडे बघून, मग तिचा हात धरून पलीकडे जाणारा माणूस. त्याला घाई कसली? सुरुवातीला तिला हे पटलंच नाही. मग हळूहळू पटवून घ्यावं लागलं, कारण सगळे एक बोलत असताना एकटीने किती दिवस दुसरं बोलायचं? कधी दुपारी इस्त्री फिरवता फिरवता तिला त्याचा संताप यायचा. एवढं काय पेटलं होतं तिकडे, असं त्याला विचारावंसं वाटायचं. उत्तर द्यायला तो नव्हता. राग तसाच गिळून ती पुढची चादर ओढायची.

चौकशीत साक्ष दिली होती तिच्या दिराने. तो त्याच गोदामात होता, अजूनही आहे. लग्न केलं नाही, बाहेरच्या खोलीत राहतो, दोन वेळा तिच्याकडे जेवतो. भाऊ गेल्यापासून बोलणं कमी झालं होतं. तिला वाटायचं, दुःख आहे बिचाऱ्याला.

सुट्टीच्या दिवशी ती संशोधन केंद्रात गेली. काचेच्या नळ्या, औषधांचा वास असं काहीतरी तिच्या मनात होतं. तिथे साध्या खुर्च्या होत्या, पडदे होते, आणि एका टेबलावर लहान मुलांचा पसारा असावा तसे कप, चेंडू, ठोकळे, उघडझाप करणारं दार असलेली एक पेटी.

"तुमच्या मुलांचं का हे?"

"नाही, यंत्राचं." मुलगी पहिल्यांदाच हसली. तिने चेंडू एका कपाखाली ठेवला आणि कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. "आता चेंडू कुठे आहे?"

"कपाखाली. आणखी कुठे जाणार?"

"यंत्र कधी म्हणतं, पहिल्या जागी. कधी म्हणतं, चेंडू नाहीच. कुठली वस्तू कुठे होती, मग काय झालं, त्यामुळे काय बदललं, हे धरून ठेवणं त्याला जड जातं. आमचं काम तेच. त्याला काय कळतं, कुठे चुकतं ते तपासायचं."

"हे तर रांगणाऱ्या बाळालाही कळतं."

"हो ना. बाळ ते कसं शिकतं, ते आम्हाला कळत नाही."

मुलीने चेंडू पुन्हा कपाखाली ठेवला. मग म्हणाली, "गोदामातल्या गाड्यांचंही असंच होतं, ताई. माणूस आडोशाला गेला की थोडा वेळ गाडी त्याला लक्षात ठेवते. मग सोडून देते."

"सोडून देते म्हणजे?"

"तिच्या हिशेबी तो तिथे नसतोच."

पडद्यावर चित्र चालू झालं. आवाज नव्हता. उंचावरच्या कॅमेऱ्यातून गोदामाची गल्ली दिसत होती. उजवीकडून तो आला. तोच निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, पोटाशी धरलेलं खोकं. खुर्चीचा हात तिने घट्ट धरला. चालता चालता खोक्याचा तळ फाटला आणि आतले बोल्ट फरशीभर सांडले. तो थबकला. डावीकडे, चित्राच्या बाहेर, कुणाकडे तरी बघून काहीतरी बोलला, कपाळावर हात मारून घेतला आणि हसला. मग रचलेल्या खोक्यांच्या मागे वाकला आणि दिसेनासा झाला.

त्यानंतर नुसती खोकी. बराच वेळ खोकीच. एकदा खालून एक हात बाहेर आला, फरशी चाचपली, बोल्ट उचलला, आत गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मग मागच्या कोपऱ्यातून गाडी निघाली आणि पडदा काळा झाला.

"इथेच थांबवतो आम्ही," मुलगी म्हणाली.

"अचानक नाही आले ते."

"नाही, नाही. ते सगळा वेळ तिथेच होते." मुलीने हे सहज सांगितलं, शंभरदा बघितलेल्या गोष्टीबद्दल बोलावं तसं. मग तिने वळून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "ताई... तुम्हाला माहीत नव्हतं?"

मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तिने घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"हे चौकशीवाल्यांना दाखवा," ती शेवटी म्हणाली.

"नाही दाखवता येत. कंपनीने हे फक्त संशोधनासाठी दिलंय. दुसरीकडे कुठेही वापरायचं नाही, अशी अट आहे. तुम्ही सही दिलीत तर यंत्राची परीक्षा घ्यायला वापरू, नाही दिलीत तर पुसून टाकू. तुम्हाला दाखवलं, तेसुद्धा मी साहेबांशी भांडून."

"म्हणजे खरं काय ते यंत्राला सांगायचं. माणसांना नाही."

मुलीने समोरचे कागद सारखे केले.

"डावीकडे कोण होतं?"

"कॅमेऱ्यात आलं नाही ते."

"तुमच्या यंत्राला विचारा की."

मुलीने तिचा मान ठेवायला म्हणून प्रश्न टाइप केला. उत्तर आलं: चित्रात दुसरी व्यक्ती नाही.

पण तिला विचारायची गरजही नव्हती. कपाळावर हात मारून तो एकाच माणसासमोर तसं हसायचा.

दीर संध्याकाळी पाळीवरून आला. हात धुऊन ताटावर बसला. तिने वाढलं आणि समोर बसली.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही कुठे उभे होता?"

त्याचा घास हातात राहिला. "सांगितलं होतं की. दाराजवळ."

"बोल्ट सांडले तेव्हा ते तुमच्याशी बोलले. काय बोलले?"

कुठून कळलं, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणाला, आता हे पोरखेळ कोण खेळणार. तू हो पुढे, मी वेचतो." त्याने ताट जरा दूर सारलं. "मी दोन पावलं गेलो असेन. गाडी येताना दिसली. मी ओरडलो, वहिनी. जीव खाऊन ओरडलो. गाडीला ऐकू येत नाही."

"मग अचानक आले असं का सांगितलंत?"

"कागद तयारच आणला होता. गाडीचा दोष निघाला तर गाड्या बंद, गोदाम बंद, सगळे कामगार घरी, असं गोदामाचा साहेब म्हणाला. मी कागदावरून वर बघितलं तर सगळे माझ्याकडेच बघत होते. दादा तर गेलाच होता."

"ते गेले होते. त्यांचं नाव तर होतं."

तो रडायला लागला. मोठा पुरुष, खरकट्या हाताने डोळे पुसता येईनात म्हणून मनगटाने पुसत होता. ती उठली नाही.

"आता हे सगळं बाहेर येणार का?" त्याने विचारलं.

"नाही. तसा नियम आहे. ते चित्र कुठेही दाखवता येत नाही."

त्याने श्वास सोडला आणि त्याचे खांदे सैल झाले. क्षणभरच, पण तिने ते बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे अनेकदा वाटलं.

"गाड्या अजून तशाच चालतात?"

"तशाच. आता जास्त आहेत. आम्ही आडोशाला जात नाही. पण कधी जावंच लागतं."

"जेवा," ती म्हणाली. "सकाळची पाळी आहे तुमची."

त्या दिवसानंतर तिने त्याला भाऊजी म्हणून हाक मारली नाही. ताट मात्र वाढत राहिली.

पुढच्या आठवड्यात कामावर जाण्याआधी ती केंद्रात गेली. मुलीने दाखवलं तिथे सह्या केल्या.

"ताई, तुम्ही नाही म्हटलं असतं तरी मी समजू शकले असते."

"आमच्या घरातलं एक माणूस रोज त्या गाड्यांमध्ये जातं," ती म्हणाली. जास्त सांगावंसं तिला वाटलं नाही. मग तिने विचारलं, "त्या चित्राखाली तुम्ही काय लिहिता?"

"वर्णन लिहितो. यंत्राचं उत्तर त्याच्याशी ताडून बघायचं असतं." मुलीने वाचून दाखवलं, "एक कामगार अडथळ्यामागे जातो."

"एवढंच?"

मुलीने तिच्याकडे बघितलं. मग ते वाक्य पुसलं आणि बोटं तशीच ठेवून वाट बघत राहिली. "तुम्ही सांगा."

चार वर्षांत तिच्याकडून त्याच्याबद्दल कुणी काही लिहून घेतलं नव्हतं.

"लिहा, एक माणूस खोक्यांच्या मागे बसून सांडलेले बोल्ट वेचत होता."

मुलीने लिहिलं. मग जरा अडखळत म्हणाली, "होता नाही चालत, ताई. 'आहे' लिहावं लागतं. वेचतो आहे. प्रश्न विचारतो त्या क्षणी तो तिथे असतो ना, म्हणून."

तिने मान हलवली. पिशवी उचलली, पदर सारखा केला.

"बरं," ती म्हणाली. "आहे लिहा."