शिडीखालच्या चपला

मित्रांनो, कामठ्याच्या वाटेवर एका राईस मिलच्या मागे टिनाची एक शेड आहे. तिच्यात तीन बाजूंनी विटांमध्ये चिणलेलं एक काळं, लांबट लोखंडी पोट दिसेल. तो मी. जुना बॉयलर. माझ्या पाटीवरचं साल गंजानं खाल्लं आहे, म्हणून वय विचारू नका. एवढंच सांगतो, की मला गोंदियाच्या स्टेशनवरून इथवर आणायला बैलांच्या आठ जोड्या लागल्या होत्या, आणि वाटेत एका नाल्यावरचा पूलही माझ्या वजनानं खचला होता.

माझं काम कोंडायचं. पोटात पाणी घ्यायचं, खालून आग सोसायची, आणि वाफ झाली की तिला जाऊ द्यायचं नाही. ती भिंतींना धडका देते, बाहेर सोड म्हणून विनवते. मी दात आवळून बसतो. त्या कोंडलेल्या धडपडीतच सगळी ताकद असते. तुमच्या घरचा कुकर माझा धाकटा भाऊच समजा. त्याची शिट्टी होते तेव्हा वाफ जरा सुटते आणि वरण शिजतं. आणि पूर्वी रुळांवरून धावणारी कोळशाची इंजिनं? ती माझी थोरली भावंडं. पोट तेच, आग तीच. त्यांच्या पायाखाली चाकं होती, माझ्या तिन्ही अंगांना विटा. ती दरेकशाचा चढ धापा टाकत चढली, आणि मला जिथे बसवलं तिथेच मी बसलो.

त्या भावंडांच्या गोष्टी मला मनिराम सांगायचा. मनिराम माझा फायरमन, म्हणजे माझी आग आणि माझं पाणी सांभाळणारा माणूस. सुकलेल्या शेंगेसारखा सडसडीत. त्याच्या आजोबांनी इंजिनात कोळसा टाकला होता. मनिराम माझ्या भट्टीत फावड्यानं धानाचा कोंडा टाकायचा, काचेच्या नळीतलं पाणी बघायचा आणि म्हणायचा, "बुढ्या, आज तुले दरेकशाचा चढ चढवतो." मग दाबाचा काटा वर सरकायचा. मी जागचा हललो नाही, पण तो तसं म्हणाला की मला आपण चाललो आहोत असं वाटायचं.

माझी वाफ जायची शेजारच्या टाक्यांत. तिथे भिजवलेलं धान वाफ घेऊन उसनं, म्हणजे अर्धं उकडलेलं व्हायचं. मग ते सिमेंटच्या पटांगणावर पसरायचं. बाया त्या गरम धानातून अनवाणी फिरायच्या, पायानं त्याच्या ओळी पाडायच्या आणि गायच्या. सगळ्यांत मोकळा गळा फुलवंताचा. ती मनिरामची घरवाली.

*धानाले बाई न्हानं, वाफेचं झालं,*
*सोन्याचं बाई रूप, उन्हात आलं.*

भिंतीच्या अलीकडून मनिराम माझ्या अंगावर हातोडीनं ठेका धरायचा. चार ठोके, जरा थांबणं, मग दोन. बाया हसायच्या. "फुलवंता, तुहा बुढा वाजून राहिला वो." फुलवंता म्हणायची, "वाजू द्या. घरी तं तोंडातून शब्द निघत नाई त्याच्या."

मालकांच्या घरच्या लग्नात तर माझ्या वाफेची एक नळी थेट मांडवातल्या डेगीत सोडली होती. चारशे माणसांचं वरण मी शिजवलं. जेवून उठलेला एक म्हातारा माझ्यापाशी आला, हात जोडून म्हणाला, "वरण मस्त झालं जी." अशी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

पण मित्रांनो, हे सगळं मी ज्यासाठी सांगतोय ती गोष्ट कौतुकाची नाही.

पाणी उकळून उकळून माझ्या आत क्षाराची खपली धरते. ती पावसाळ्यात, मिल बंद असताना, आत शिरून खरवडावी लागते. माझ्या माथ्यावर माणूस जेमतेम आत जाईल एवढं तोंड आहे. त्याला जाड लोखंडी झाकण. तिथून मनिराम आत उतरायचा आणि आगीच्या नळकांड्याभोवतीच्या अरुंद जागेत सरपटत जायचा. आत जाण्यापूर्वी तो चपला काढून शिडीच्या पायथ्याशी ठेवायचा, टोकं बाहेरच्या बाजूला करून. उजवीचा निळा पट्टा तारेनं शिवलेला. तीच खूण. चपला आहेत, म्हणजे माणूस आत आहे. झाकणाला हात लावायचा नाही. मिलमध्ये कुणी हे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर हंगाम सुरू होण्याचा दिवस. माझ्या भट्टीच्या दारावर सातिया, म्हणजे स्वस्तिक काढलं होतं, झेंडूचं तोरण होतं. पूजा व्हायची, नारळ फुटायचा आणि मालकांची आई अनुसयाबाई आपल्या हातानं कापूर पेटवून पहिली आग लावायची. त्याआधी फायरमननं अंघोळ करून यायचं, हा नेम. फुलवंता म्हणूनच घरून धुतलेलं धोतर घेऊन पाठीमागच्या नळावर जाऊन बसली होती.

मनिराम निघालाच होता. मग थबकला. माझ्या पोटाखालच्या अंगाला एक खपली राहिली आहे, असं त्याला रात्रभर टोचत होतं. "बुढ्या, दोन मिनिटांचं काम आहे. अंगात काटा ठेवून तुले कायले पेटवू?" त्यानं चपला काढल्या, टोकं बाहेर केली, हातोडी आणि बॅटरी घेतली आणि आत उतरला. पार मागच्या टोकाला, नळकांड्याच्या खाली गेला. वरून पाहिलं तर तिथला उजेडही दिसत नाही.

तेवढ्यात अनुसयाबाई ताट घेऊन आल्या. शिडीचा पायथा म्हणजे नेमकी पूजेची जागा. त्या चपला पाहून म्हणाल्या, "अगो माय, देवासमोर चपला. कोनाच्या होत?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी स्वतः त्या उचलल्या, झाडूपाशी कोपऱ्यात नेऊन ठेवल्या आणि हात धुऊन रांगोळी घातली. मनात पाप नव्हतं, मित्रांनो. होती ती श्रद्धाच.

मग फिटर गजेंद्र आला. त्यानं शिडीखाली पाहिलं. रांगोळी होती, चपला नव्हत्या. तो वर चढला, आत एकदा डोकावला. अंधार. लाऊडस्पीकरवर भजनं लागलेली. त्यानं झाकण ओढलं आणि नट आवळायला लागला.

माझ्या आत काळोख पडला, तो मी आयुष्यात पहिल्यांदा मनिरामच्या बाजूनं पाहिला.

"गजेंद्रा. अबे, मी आत आहो." तो आधी नेहमीच्याच आवाजात म्हणाला, जणू दार चुकून लागलंय. मग मोठ्यानं. मग हातोडीनं. बाहेर स्पीकर होता, आणि आता पाण्याच्या पंपाचं इंजिन धडधडू लागलं. माझ्या तळाशी थंड पाणी शिरलं.

मला भोंगा आहे, शिट्टी आहे. दोन कोस ऐकू जाते. पण ती वाफेवर वाजते. थंड बॉयलर मुका. वाफेला मी जन्मभर जसा कोंडत आलो, तसाच त्या घडीला माझ्या माणसाला कोंडून बसलो होतो, आणि मला दात उघडता येत नव्हते. लोखंडाला जेवढं करता येतं तेवढं मी केलं. त्याचा एकेक ठोका शेवटच्या रिव्हेटपर्यंत नेला. पुढे विटा होत्या. विटांनी तो पिऊन टाकला.

मनिराम सरपटत पुढे आला, नळकांड्यावर चढून बसला. मान वाकलेली, पाठ माझ्या छताला टेकलेली. पाणी मांड्यांपर्यंत आलं. पाण्यानं तो बुडणार नव्हता. ते काचेच्या नळीतल्या खुणेशी थांबतं, वर वाफेसाठी जागा सोडतं. मग खाली आग लागते. हे त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक? बावीस वर्षं तोच लावत होता. ज्या नळकांड्यावर तो बसला होता, आग त्याच्याच आत पेटणार होती.

तो ठोके मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. मग थांबणं लांबत गेलं. त्यानं तळहात माझ्या अंगावर ठेवला. "बुढ्या," तो म्हणाला, "तू तं काही बोल."

बाहेर काचेच्या नळीत पाणी खुणेला लागलं. मालक ओमेश्वरभाऊंनी घड्याळ पाहिलं. "मनिराम कहाँ मर गया? मुहूर्त निघून जाऊन राहिला."

"अंघोळीले गेला असन," गजेंद्र म्हणाला.

"मग करू दे अंघोळ. आई, तू कापूर लाव. गजेंद्र, कोंडा घे."

अनुसयाबाईंनी ताटात कापूर पेटवला. गजेंद्रनं फावडं भरलं. भट्टीचं दार उघडं होतं.

आणि भिंतीच्या आडून फुलवंता आली. हातात धोतर तसंच घडी केलेलं. "काऊन जी, तुमचा फायरमन कुठी आहे? मी तं कवाची नळावर बसून आहो."

"नळावर नाई?" गजेंद्र म्हणाला. "मग तुह्या घरीच गेला असन."

"अनवाणी?"

तिची नजर झाडूपाशी गेली होती. उजवीचा निळा पट्टा, वर तार. ती तार तिनंच शिवली होती. ती सावकाश म्हणाली, "ह्या इथी कोनं ठेवल्या?"

"म्या ठेवल्या," अनुसयाबाई म्हणाल्या. "शिडीखाली होत्या. देवासमोर..."

गजेंद्रच्या हातातलं फावडं कललं आणि कोंडा रांगोळीवर सांडला.

"स्पीकर बंद करा," फुलवंता म्हणाली. मालकांना आजवर तिनं मान वर करून उत्तर दिलं नव्हतं. "पंप बंद करा. सगळे चूप रहा."

सगळं बंद झालं. तिनं खालचा एक दगड उचलला आणि माझ्या विटा नसलेल्या दर्शनी पत्र्यावर, भट्टीच्या दाराशेजारी, मारला. चार ठोके.

मित्रांनो, तेवढी शांतता मी त्या मिलमध्ये कधी ऐकली नव्हती. कापूर ताटात जळत होता. त्याचाही आवाज येत होता.

आतून दोन ठोके आले.

मग कोण काय ओरडलं ते मला सांगता येणार नाही. गजेंद्र शिडीवर होता. त्याच्या हातातून पाना दोनदा निसटला. ओमेश्वरभाऊ स्वतः वर चढले आणि नुसत्या बोटांनी नट फिरवू लागले, बोटांतून रक्त आलं तरी. झाकण सरकलं. उजेडाचा एक गोल पाण्यावर पडला, आणि त्या गोलात मनिरामचं डोकं आलं.

त्याला ओढून खाली आणलं. तो गार पडलेला, थरथरत होता, अंगावरून लाल गंज ओघळत होता. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, मग अनुसयाबाईंच्या ताटाकडे.

"अंघोळ झाली माही," तो म्हणाला. "आता लावा आग."

कुणी हसलं नाही. त्यालाही पुढे हसता आलं नाही. तो तिथेच मटकन खाली बसला. फुलवंतानं धोतर त्याच्या डोक्यावर टाकलं आणि पुसू लागली, इतक्या जोरानं की जणू त्याला मारत होती. "खपली राहिली होती म्हणे. तुह्या डोक्शातली खपली काढ आधी."

अनुसयाबाईंनी कापूर फुंकून विझवला. त्या कोपऱ्यात गेल्या, चपला दोन्ही हातांनी उचलल्या आणि आणून शिडीखाली, विस्कटलेल्या रांगोळीवर ठेवल्या, टोकं बाहेरच्या बाजूला करून. "माहेच हात होत बापू," त्या म्हणाल्या. "आजपासून ह्या पूजेतच राहतीन."

त्या दिवशी आग लागली नाही. मुहूर्त गेला तो गेला. हंगाम दुसऱ्या दिवशी सुरू झाला, आणि त्या वर्षी धानही चांगलं आलं.

पुढच्या पावसाळ्यात मनिराम पुन्हा माझ्या आत उतरला. फुलवंता खाली चपलांपाशी पाय पसरून बसली, तो बाहेर येईपर्यंत उठली नाही. आणि एक नवा नेम सुरू झाला. झाकण लावण्यापूर्वी गजेंद्र माझ्या तोंडात डोकं घालून हाक मारायचा, "आत कोनी आहे का?" मग दहा आकडे मोजायचा. माझ्या पोटात ती हाक फिरायची आणि त्याच्याच आवाजात परत जायची. मित्रांनो, मी जन्मभर वाफेच्या किंचाळीत बोललो. माणसाच्या आवाजात बोलायला मला त्या नेमानं शिकवलं.

आता माझं काम संपलं. गेल्या वर्षी बॉयलरचे साहेब आले, त्यांनी हातोडी मारून माझा आवाज ऐकला आणि मान हलवली. पत्रा पातळ झाला आहे. पलीकडे नवा बॉयलर आला. त्याच्या झाकणाला म्हणे कुलूप आहे आणि आत जाणारा किल्ली खिशात घेऊन जातो. चांगलं आहे. मनिराम आता त्याच्याकडे असतो. माझं तोंड बंद आहे. भट्टीच्या दारातून पालापाचोळा आत येतो, पण वर, जिथे वाफ असायची, तिथे फक्त कोंडलेला अंधार. कधी पटांगणावरून फुलवंताचं गाणं येतं. चार ठोक्यांची जागा येते, मग दोनांची. मी वाट पाहतो. नव्याच्या मशीनच्या आवाजात मनिरामला ते ऐकू येत नसावं.

लवकरच भंगारवाला येईल, गॅसकटर लावेल. जुन्या लोखंडाचं तेच होतं, मला तक्रार नाही. फक्त एवढं मागतो, आणि तुम्हालाही सांगतो. विहिरीचं, टाकीचं, पेटीचं, खोलीचं, कसलंही झाकण लावताना नुसत्या खुणेवर विसंबू नका. खूण कुणीतरी चांगल्या मनानंही उचलून ठेवतं. वाका, आत तोंड घाला, हाक मारा आणि दहा मोजेपर्यंत थांबा.

माझ्यावर कटर चालवण्याआधीही कुणीतरी तसं करा. आत कोणी नसेल, मला ठाऊक आहे. तरी हाक मारा. मला उत्तर देता येतं.