माझ्या टोकाएवढं भोक

मित्रांनो, मी एक जुना दाभण आहे. महागावच्या हुस्नाबींनी मला कापसाचे बोरे शिवायला आणलं. माझ्या नेढ्यात सुतळी ओवली, की मी बोऱ्याचं तोंड असं शिवायचो की वाटेत चिमूटभर कापूस सांडत नसे. मग कापसाची वाईट वर्षं आली. शिवायला बोरेच उरले नाहीत आणि मी भिंतीच्या फटीत गंजत पडलो.

तिथून मला त्यांच्या मुलाने, जफर मिस्त्रीने, गॅरेजात नेलं. नव्या गाड्यांत सेन्सर आले होते. सेन्सर म्हणजे इंजिनाची खबर देणारा पुर्जा, आणि त्याची वायर अगदी नाजूक. करंट कुठवर येतो हे बघायला जफर माझ्या नेढ्याला मीटरची तार बांधायचा आणि माझं टोक वायरच्या रबरात खुपसायचा. फॉल्ट चुटकीसरशी सापडे. "हा दाभण नाही, डॉक्टर हाय," असं तो म्हणे आणि मी हुरळून जाई. पाडलेल्या भोकाकडे आम्ही दोघांनीही कधी वळून पाहिलं नाही.

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर पूनमसिंगची प्रवासी गाडी होती. ती इंद्रजीत चालवायचा. उन्हाळ्यात तिची वायर मी एका जागी टोचली. पावसाळा लागला आणि गाडी भर रस्त्यात बंद पडू लागली. गॅरेजात आणेपर्यंत वायर वाळे आणि गाडी मुकाट चालू होई. तिसऱ्या खेपेला जफर वैतागून पूनमसिंगला म्हणाला, "गाडीत काही नाही. चालवणाऱ्यातच फॉल्ट असंन."

मिस्त्रीचा शब्द तो. पूनमसिंगने तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, दारात, चारचौघांदेखत, इंद्रजीतकडून चाबी काढून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. खरा चोर जफरच्या हत्यारांच्या पेटीत पडून होता, मित्रांनो, आणि त्याला टोचता येत होतं, बोलता येत नव्हतं.

पुढच्याच पावसात खुद्द पूनमसिंगच्या हातात गाडी अडली. जफर भिजत रस्त्यावर गेला. त्याने सेन्सरची वायर फडक्याने पुसली, तर रबरावर एक हिरवा ठिपका. पाणी शिरून आतलं तांबं कुजलं होतं. जफरने माझं टोक त्या ठिपक्यावर टेकवलं. मी बरोब्बर बसलो. मला तिथेच गंजून संपावंसं वाटलं.

कुजलेला तुकडा कापून, नवी वायर जोडून, तो त्याच गाडीने तांड्यावर गेला. इंद्रजीतच्या आईला, मानीबाईला म्हणाला, "भोक म्या पाडलं, अन् नाव तुमच्या पोराचं घेतलं."

"मले काहून सांगता, मिस्त्री?" मानीबाई म्हणाली. "चाबी नायकाच्या दारात घेतली. तिथं सांगा."

जफरने तिथे सांगितलं. मला तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवलं. पूनमसिंगने खाली मान घालून चाबी पुढे केली. ती घेत इंद्रजीत जफरला म्हणाला, "आता माह्या गाडीत बसाले लोक भेतेत, चाचा. ते भोक कसं बुजवान?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी जफरने आपल्या आईला इंद्रजीतच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसवलं. त्यापुढच्या बाजारालाही बसवलं. हळूहळू मागच्या सीटा भरू लागल्या.

हुस्नाबींनी मला परत नेलं. आता मी सोयाबीनची पोती शिवतो. पोत्यालाही मी भोकच पाडतो, पण तिथे माझ्या मागून सुतळी येते आणि ते बुजवते. मित्रांनो, कुणाला टोचण्याआधी आपल्या मागे सुतळी आहे का, तेवढं बघून घ्या. इंद्रजीतच्या वेळी माझ्या मागे ती नव्हती.