ऐच्छिक

विजयमालानं फळ्यावर शेवटची ओळ लिहिली, खाली रेघ मारली आणि खडू खिडकीच्या चौकटीवर ठेवला.

"बरोबर आहे का सर?"

मोरेश्वर सर खुर्चीतून उठून ओसरीतल्या फळ्याजवळ गेले. काल करायला दिलेली सिद्धता तिला दोन दिवस पुरेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं ती सकाळच्या चहाआधीच संपवली होती आणि एकही पायरी गाळली नव्हती.

"अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि लगेच पुढचं प्रमेय सांगायला लागले.

सौसरच्या शाळेत गणित शिकवायला लागून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत अशी एकच मुलगी त्यांच्या हाती आली. मोहगावच्या भिवाजींची ही थोरली. नववीत गणित घे, असं सरांनी सांगितलं, तिनं घेतलं. तेव्हा शाळा अकरावीलाच संपायची; त्यानंतर नागपूरला पाठवा, असं त्यांनी भिवाजींना सांगितलं, त्यांनी पाठवलं. तिथल्या एका कॉलेजात गणित आणि कम्प्यूटर असा जोड अभ्यासक्रम नुकताच निघाला होता. आता ती दुसऱ्या वर्षाला होती आणि दिवाळीच्या सुटीत पुढच्या वर्षाचा फॉर्म घेऊन आली होती. तिसऱ्या वर्षाला दोन पेपर ऐच्छिक होते. बीजगणिताचे दोन घ्या, नाहीतर प्रोग्रॅमिंगचे दोन. कॉलेजात मशीन चारच, म्हणून कोण काय घेणार हे त्यांना आधीच हवं होतं.

पहिल्या दिवशी भिवाजी स्वतः तिला घेऊन आले होते. कोऱ्या फॉर्मवर त्यांनी सही करून टाकली होती.

"सर, तुमी सांगान तेच. मले त्यातलं काय समजते? संत्र्याचं विचारा, सांगतो."

"बीजगणित," सर तेव्हाच म्हणाले होते. विजयमालानं मान हलवली होती. फॉर्म मात्र सुटी संपताना भरू, तोवर थोडं शिकून घे, असं सरांनी ठरवलं. ती रोज सकाळच्या बसनं येऊ लागली आणि सर रोज लवकर अंघोळ करून ओसरीत बसू लागले. त्यांची स्वतःची एम.एस्सी. पहिल्याच वर्षी सुटली होती. वडील गेले, नोकरी धरावी लागली, आणि बीजगणिताचा पेपर द्यायचा राहिला तो राहिलाच. हे त्यांनी विजयमालाला कधी सांगितलं नव्हतं.

आज पाचवा दिवस. फळ्यावरचं झाल्यावर ती आत सरांच्या पत्नीला, सरलाकाकूंना, लसूण सोलून द्यायला गेली. सरांना कोरा कागद हवा होता. त्यांनी तिची वही मागच्या बाजूनं उघडली. पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी, प्रत्येक ओळीला नंबर, शेजारी आकड्यांचे रकाने, खोडून खोडून कागद पातळ झालेला. अशी सात-आठ पानं होती.

विजयमाला चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि वही पाहून दारातच थांबली.

"हे काय आहे गं?"

"काही नाही सर. तसंच."

"सांग तर."

तिनं कप खाली ठेवले आणि फरशीवर बसली. आधी चाचरत बोलली. बाबांच्या बागेत संत्र्याची चाळीस झाडं. कोणत्या झाडाला तीन वर्षांत किती फळ आलं, ते बाबा तोंडपाठ सांगत गेले, ती लिहीत गेली. दरवर्षी फळ कमी होत गेलेली झाडं मशीननं निवडून काढावीत, असा तो प्रोग्रॅम होता. पण मशीन आठवड्यातून एकच तास मिळायचं. मग घरी ती स्वतःच मशीन व्हायची. एक ओळ वाचायची, आकडा लिहायचा, पुसायचा, पुढच्या ओळीवर जायचं.

"दोन दिवस सर, सोळाव्यापासून पुढची सारीच झाडं खराब निघून राहिली होती! बाबा म्हणे, अर्धी बाग कशी खराब होईन? मी म्हटलं, होईन, कागदावर आहे. मग कापूस वेचता वेचता ध्यानात आलं. सोळावं झाड खरंच खराब. त्याच्यासाठी मी खूण केली, अन् पुढच्या झाडावर जाताना ती पुसायचीच राहिली. मशीनला सांगितल्याबिगर ते थोडंच पुसते!"

आणि ती खळखळून हसली. स्वतःच्याच चुकीला.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. सिद्धता तिथं होती, नीटनेटकी, बिनचूक. अशा सिद्धता लिहिताना ही मुलगी पाच दिवसांत एकदाही हसली नव्हती.

"आणि बीजगणित?" त्यांनी विचारलं.

तिनं मान खाली घातली. "येते ना सर."

"येते," सर हळूच म्हणाले. त्यांनी वही मिटून तिच्यासमोर ठेवली.

"फॉर्म काढ."

तिनं पिशवीतून फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. "सांगा सर. काय लिहू?"

सरांनी दोन्ही कप उचलले. त्यांच्या कपात अर्धा चहा तसाच होता.

"मी हे आत ठेवून येतो. तू भर."

स्वयंपाकघरात ते मोरीशी बसून कप विसळायला लागले. सरलाबाई पाहतच राहिल्या.

"अहो, ती बाहेर एकटीच बसली आहे."

"फॉर्म भरून राहिली आहे."

"अन् तुम्ही इथं?"

सरांनी कप पुसले, फळीवर ठेवले आणि विसळायला आणखी काही आहे का ते पाहिलं. दोन बशा होत्या. त्याही त्यांनी घेतल्या.

ते बाहेर आले तेव्हा फॉर्म पाकिटात गेला होता. पाकीट उघडंच होतं.

"सर, एकदा पाहून घ्या."

सरांनी पाकीट हातात घेतलं. कडेच्या डिंकाला पाण्याचं बोट लावलं, अंगठ्यानं दाबून ते बंद केलं आणि तिला परत दिलं.

बसपर्यंत ते तिच्यासोबत गेले. मोहगावच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. कंडक्टर चढला तशी ती बाहेर वाकली.

"सर, मी प्रोग्रॅमिंगचे घेतले."

सहा वर्षांत तिनं त्यांना पुष्कळ विचारलं होतं. असं आपणहून काही पहिल्यांदाच सांगत होती.

"बरं," सर म्हणाले. मग म्हणाले, "बाबांनी विचारलं, तर मी सांगितलं असं म्हणू नकोस."

"मग काय सांगू सर?"

सरांनी हसून तिच्या हातातल्या पाकिटाकडे बोट दाखवलं. बस हलली.