सायकलचं गाणं

रेडिओवर मी चिमणी. वय एकोणपन्नास, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, पहाटे साडेचारचा गजर, आणि तरी चिमणीच. चोवीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, "घरी काय म्हणतात तुला?" मी खरं सांगून बसले आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. बाबांनी ठेवलेलं नाव ते. सकाळी सहा ते दहा मी गाणी लावते, मधे मधे बडबडते, कुठला रस्ता खणून ठेवलाय ते सांगते. लावते, सांगते, असं म्हणायची सवय आहे अजून. लावायचे. सांगायचे.

बाबा ब्याऐंशीचे. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस उठून गेलं. मला ते कधी अक्का म्हणतात, म्हणजे त्यांची थोरली बहीण, कधी नुसतंच "अहो बाई". पण रेडिओवरची चिमणी मात्र त्यांना पक्की ठाऊक. ती आणि मी एकच, हे पटवायला गेले होते एकदा. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "काहीतरीच काय! ती किती गोड बोलते." झालं. पुढे काही बोलायची सोयच राहिली नाही.

घरात मी काहीही सांगितलं की नन्नाचा पाढा. आंघोळ करा, नाही. स्वेटर घाला, नाही. रक्तदाबाची गोळी घ्या म्हटलं तर ओठ असे घट्ट मिटायचे की पक्कड आणावी लागेल. आणि चिमणीनं सांगितलं की मुकाट्यानं. शेवटी मी एक युक्ती काढली. रोज आठ वाजून दहा मिनिटांनी सायकलचं गाणं लावायचं. जुनं, उडतं गाणं. सायकलच्या घंटीनं सुरू होतं, ट्रिंग ट्रिंग. ते संपलं की मी म्हणायचे, "आठ चौदा झाले मंडळी. ज्यांची सकाळची गोळी असेल त्यांनी पाण्याबरोबर घ्या बरं. एकच." गावाला वाटायचं, चिमणीला किती काळजी! दुकानदार रस्त्यात थांबवून आभार मानायचे. आता त्यांना काय सांगू, की मी एकाशीच बोलत होते.

शेजारच्या काकू सकाळी दोनदा डोकावून जायच्या. त्या सांगायच्या, "घंटी वाजली की डबी काढतात गं. घड्याळ लावून घ्यावं." मी तेवढ्यावर निर्धास्त होते. स्वयंपाकघरातला रेडिओ दिवसभर चालू असायचा, आणि त्यांनी स्टेशन बदलू नये म्हणून त्याच्या बटणावर चिकटपट्टी मीच लावली होती.

निर्धास्त म्हणजे तरी काय. गेल्या थंडीत एका सकाळी त्यांनी गोळी दोनदा घेतली होती. चक्कर येऊन न्हाणीघरात पडले, कपाळाला सहा टाके. दादा दूर राहतो, तो फोनवर एवढंच म्हणाला, "पुन्हा एकदा असं झालं तर मी येऊन त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. मग रडू नकोस आणि भांडूही नकोस." मी भांडले. पण रात्री अंथरुणात पडल्यावर वाटलं, त्याचं तरी काय चुकलं? हेच तर जास्त लागलं. तेव्हापासून दर रविवारी सात खणांची डबी मी स्वतः भरते. सोमवार ते रविवार, खणात एक गोळी.

बुधवारी दहाला कार्यक्रम संपवून मी बाहेर आले तर नवे साहेब व्हरांड्यात उभे. नवे म्हणजे चार महिन्यांचे, एकतिशीचे, सारखे हसणारे. म्हणाले, "चिमणीताई, एखादं गाणं सांगा ना. सगळ्यांना पाठ असेल असं."

"सायकलचं," मी म्हटलं. कशाला हवंय, हे विचारलंसुद्धा नाही. साडेचारला उठलेल्या माणसाला कसलं आलंय कुतूहल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"पावणेबाराला सगळे मीटिंगला या," ते म्हणाले. एरवी मी साडेअकराला घरी असते.

मीटिंगच्या खोलीत आम्ही अकरा जण आणि खुर्च्या नऊ. मी भिंतीला टेकून उभी राहिले. साहेब म्हणाले, स्टेशन आता नव्या दिशेनं जाणार. गाणी बंद. बोलणं बंद. यापुढे फक्त मनःशांतीचं संगीत, म्हणजे बासरी, वाहतं पाणी, पाखरं. सगळं मुख्य ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून. लोकांना आवाजाचा थकवा आलाय असा सर्व्हे आहे म्हणे.

"मलाही आलाय," मी म्हटलं. "म्हणून मी कुणाचं तोंड बंद केलं नाही."

साहेब हसले. या माणसाला कुठं हसावं ते कळत नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. स्टेशन कूस बदलतं तेव्हा अख्खा दिवस एकच गाणं लावतात. संपलं की पुन्हा तेच. जुने ऐकणारे वैतागतात, शिव्या देतात, निघून जातात. दुसऱ्या दिवशी नव्या लोकांसाठी नवं दुकान उघडतं. थोडक्यात, जुनं गिऱ्हाईक हाकलायचा सभ्य मार्ग. आणि बोलणाऱ्यांना निरोप घेऊ द्यायचा नाही, हीसुद्धा रीतच. माइकवर कुणी रडेल, कुणी शिव्या घालेल. मी दोन्ही केलं असतं, हे कबूल करते.

बाराला भिंतीवरचा स्पीकर वाजला. ट्रिंग ट्रिंग.

"तुमचीच निवड," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्यावर उपकार केल्यासारखे.

गाणं वाजत राहिलं. स्वागतकक्षातली मुलगी डोळे पुसत होती. मला तर धड रागसुद्धा येईना. चोवीस वर्षं, आणि मनात विचार काय, तर आता उद्या साडेचारला उठायला नको. इतकी दमले होते मी. गाणं संपलं, आणि सवयीनं माझं तोंड उघडलं, "आठ चौदा..." माझ्याआधीच स्पीकर बोलला. ट्रिंग ट्रिंग.

आणि मला काकूंचं बोलणं आठवलं.

घंटी वाजली की डबी काढतात. आज दिवसभर घंटीच वाजणार होती. सोमवार, मंगळवार, बुधवारचे खण रिकामे, म्हणजे डबीत चार गोळ्या. गाणं चार मिनिटांचं. एक वाजायच्या आत डबीचा तळ दिसला असता, आणि गाणं निवडून दिलं होतं मी.

"साहेब, मला एक मिनिट माइक द्या," मी म्हटलं. "एकच मिनिट. माझे वडील घरी एकटे आहेत, या गाण्यावर ते गोळी घेतात."

त्यांना वाटलं मी निरोपासाठी सोंग करतेय. दिसलं ते त्यांच्या चेहऱ्यावर. "ताई, मी समजू शकतो," म्हणाले, "पण ते आता इथून होत नाही."

"समजू नका हो! दार उघडा!"

स्टुडिओचं दार माझ्या कार्डानं उघडेना. मग खटका उठला. खटका म्हणजे आमचा इंजिनिअर, आयुष्य बटणं दाबण्यात गेलं म्हणून हे नाव. दिवसाला मोजून दहा शब्द बोलतो. त्याच्या कार्डानं दार उघडलं, तो आत जाऊन माइकच्या पॅनलवरची बटणं वरखाली करून आला. "मेलंय सगळं," म्हणाला. मी घरी फोन लावला. वाजून वाजून थांबला. रेडिओ चालू असताना बाबा फोनला हात लावत नाहीत. काकूंना लावला तर, "अगं बाई, मी आज लेकीकडे आलेय! काय झालं?" काय झालं ते सांगत बसायला वेळ नव्हता.

खटक्यानं हेल्मेट माझ्या हातात दिलं.

स्कूटरवर मागे बसून मी घंट्या मोजत होते. न्हाव्याच्या दुकानात तेच गाणं. शिंप्याकडे तेच. सिग्नलला शेजारी थांबलेल्या टॅक्सीत तेच, आणि तो टॅक्सीवाला आपला बोटांनी ठेका धरून बसलेला, मजेत. अख्खं गाव आपलंच स्टेशन ऐकतं म्हणून इतकी वर्षं मिरवलं मी. त्या दिवशी वाटलं, एकानं तरी बंद करा रे. चौथी घंटी झाली तेव्हा आम्ही पुलावर होतो. तिथून पुढे मी मोजणं सोडलं. खटक्याच्या शर्टाचा बोळा धरून नुसती बसून राहिले, आणि म्हणत राहिले, पडू देऊ नकोस, पडू देऊ नकोस. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

जिन्याचे दोन मजले मी कसे चढले ते माझे गुडघेच सांगतील. कुलूप उघडताना आतून घंटी ऐकू आली.

बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. ताठ. समोर पाण्याचा भरलेला पेला, शेजारी उघडी डबी. उजवा हात टेबलावर, तळहात वर. तळहातावर एक गोळी. घामानं विरघळून तिचा पांढरा डाग पडला होता.

मी आधी डबी बघितली. शुक्रवार आहे, शनिवार आहे, रविवार आहे. गुरुवारची ती हातात. मी दाराची चौकट धरली.

"शू," बाबा म्हणाले. "ती बोलायचीय अजून."

"कोण?"

"चिमणी. गाणं संपलं की ती बोलते, मग घ्यायची असते." त्यांनी रेडिओकडे बघितलं. "आज बोलतच नाही. पुन्हा गाणंच लावते."

म्हणजे घंटीवर ते डबी काढत होते, बस. काकूंनी सांगितलं ते खरं होतं आणि अर्धं होतं. गोळी ते माझ्या बोलण्यावर घेत होते. बारापासून हा माणूस पाणी भरून, हात पसरून, माझी वाट बघत बसला होता.

"बाबा, ठेवा ती गोळी. सकाळची झाली तुमची."

त्यांनी मूठ मिटली. "तुम्ही कोण सांगणाऱ्या? ती सांगेल."

मी मूठ उघडायला गेले तर त्यांनी हात छातीशी घेतला आणि पेला उचलला. माझ्यावरचा राग म्हणून आता घेतलीच असती. तेवढ्यात गाणं संपत आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारामागे, पॅसेजमधे, रेडिओच्या विजेचं बटण आहे. मी तिथं गेले, शेवटचा सूर विरला तसं ते बंद केलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. समोर खटका उभा, हातात दोन हेल्मेटं. त्यानं सवयीनं बोट वर केलं. म्हणजे, बोल.

आवाज बसका निघाला.

"नमस्कार मंडळी. चिमणी बोलतेय. आज जरा घोळ झाला, गाणं चुकून पुन्हा पुन्हा लागलं. सकाळची गोळी सगळ्यांची झालेली आहे. ज्यांच्या हातात गोळी असेल त्यांनी ती परत डबीत ठेवा बरं. आणि जेवून घ्या."

आतून बाबांचा आवाज आला, अगदी नम्र. "बरं." मग डबीचं झाकण लागलं, टक्.

स्कूटरवर मधेच मला निरोपाचं भाषणही सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. साहेबांना चार शब्द सुनवायचे होते, गावाला चार. आता माइक नव्हता, साहेब नव्हते, अडवणारं कुणी नव्हतं. ऐकणारा एकच उरला होता, आणि त्यालाच तेवढं सांगायची सोय नव्हती.

"उद्या आठ दहाला भेटू," मी म्हटलं.

खटक्यानं बोट खाली केलं. "घंटी आहे माझ्या जुन्या सायकलची," तो हळूच म्हणाला. "सोडवून आणतो."

"आठच्या आत आण," मी म्हटलं. तो गेला.

मी आत येऊन बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसले. बाबा शर्टाला हात पुसत होते. स्वारी खूश होती.

"ऐकलंत? घसा बसलाय तिचा," ते म्हणाले. "दमलीय पोरगी. रोज पहाटे उठते. घरी कुणी विचारत असेल का तिला?"

"विचारत असतील."

"छे. आवाजावरून कळतं."

मग मात्र मला आवरलं नाही. चोवीस वर्षांचं जे काय होतं ते त्या टेबलावर डोकं ठेवून बाहेर पडलं. लहान पोरासारखी हमसून हमसून रडले. बाबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"घ्या, पाणी प्या," ते म्हणाले. "रडता कशाला? उद्या येते म्हणालीय ना ती."