भाव ठरवणारा पंचा

मी एक जुना पंचा आहे. या भागातल्या शेतीचं सगळं अर्थशास्त्र माझ्याखाली शिजलं, हे मी नम्रपणे नमूद करतो. तशी माझी लांबी दीड हात असून एका टोकाला पानाचा डाग आहे.

मित्रांनो, माझा जन्म निजामपुऱ्यातल्या एका लूमवर झाला. काळूराम दलालाने मला खांद्यावर घेतलं आणि मी भाजीबाजारात रुजू झालो. तिथली रीत अशी, की दलाल आणि व्यापारी माझ्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत आणि भाव ठरे. ज्याचा माल, त्याला फक्त मी दिसे.

अंजूरची आनंदीबाई भेंडी आणायची. आजूबाजूची शेतं गोदामवाल्यांनी घेतली होती. तिचं शेत या भेंडीवर टिकून होतं. पंचा जास्त हलला की भाव चढतो, अशी तिची पक्की समजूत. "आज लय हाललाय, बरा भाव हाय," असं ती शेजारणीला सांगे.

काळूरामला खरूज होती.

मग जाहीर झालं, की शेतकरी आता कुठेही माल विकायला मोकळा आहे. अंजूरमध्येच एका कंपनीने गोदामात खरेदी सुरू केली. भाव संगणकाच्या पडद्यावर लागे आणि देवेश नावाचा हसतमुख तरुण तो वाचून दाखवी. पहिल्या हंगामात भाव इतका चांगला, की बाजाराकडे कुणी फिरकेना. बाजार उठला. काळूराम गोदामातच भेंडी निवडायला नोकरीला लागला, आणि त्याच्या खांद्यावरून मीही.

बाजाराला कुलूप लागलं आणि पडद्यावरचा भाव निम्म्यावर आला.

"यवढा कमी? मंग मी बाजारात नेते," आनंदीबाई म्हणाली.

"न्या ना, मावशी. तुम्ही मोकळ्या आहात," देवेश म्हणाला. "फक्त बाजार कुठे आहे तेवढं बघा."

भेंडी उन्हात मऊ पडत होती. ती काळूरामकडे वळली. "भाऊ, पंचा टाक ना. हात तरी धरा कोनीतरी."

"कोनाचा धरू, बाय? पडद्याला बोटंच न्हाईत."

पुढच्या हंगामात तिने शेत कंपनीला विकलं. त्यावर गोदाम वाढलं. तिला तिथे फरशी पुसायचं काम मिळालं आणि पुसायला काळूरामच्या खांद्यावरून उतरवलेला मी. जिथे भेंडीच्या ओळी होत्या, तिथे आम्ही रोज फिरतो. पाहुणे आले की देवेश तिला पुढे करतो, "या आमच्या पहिल्या शेतकरी."

पुसताना मी जरा जास्त हललो, की ती अजूनही क्षणभर थांबते.

मित्रांनो, जुन्यांची कदर करा, असं इथे म्हणायचं असतं. ते तुम्ही निबंधात लिहालच. माझं म्हणणं एवढंच, की बादलीत फिनेल जरा कमी टाका.