सात औट साडेपंचवीस

"सात औट?" केशवरावांनी विचारलं.

"साडेपंचवीस," जानराव मास्तर म्हणाले.

अमरावतीच्या त्या वर्गात एकोणचाळीस मास्तर सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि चाळिसावे, म्हणजे जानराव, उभे होते. केशवराव हे मास्तरांना शिकवायला नेमलेले मास्तर. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. जानरावांनी तेच उत्तर जरा मोठ्यानं दिलं, कारण केशवरावांना कमी ऐकू येत असावं असं त्यांना वाटलं.

औट म्हणजे साडेतीन. केशवरावांनी जानरावांना पुढं बोलावून तुऱ्हाट्यांच्या काड्या दिल्या आणि साडेतीन-साडेतीनचे सात ढीग मांडायला सांगितले. अर्ध्यांसाठी काही काड्या मोडाव्या लागल्या. जानरावांनी सगळे ढीग एकत्र करून मोजले. साडेचोवीस भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी साडेचोवीस. मग एखादी काडी खाली गेली असेल म्हणून त्यांनी सतरंजीचं टोक उचलून पाहिलं. एकोणचाळीस मास्तर हसले. जानराव हसले नाहीत. सतरंजीखाली काडी नव्हती.

एकोणीस वर्षं ते बोरटेकच्या शाळेत औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणून घेत होते. त्यांच्या मास्तरांनी त्यांना साडेपंचवीस दिलं होतं, त्यांनी ते गावाला दिलं. बोरटेकमध्ये तिशीच्या आतलं जे कोणी शाळेची पायरी चढलं होतं, त्या प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा जास्तीचा बसला होता, आणि एकोणीस वर्षांत तो कुणालाच नडला नव्हता. सात औटची वेळ माणसावर फारशी येत नाही.

या वर्गाचं कारण मानमोडी. गेल्या दसऱ्याला तो ताप आला आणि दिवाळीपर्यंत गावंच्या गावं आडवी करून गेला. शाळा माघापर्यंत बंद राहिल्या. उघडल्यावर साहेबलोकांना कळलं की पोरं हिशेब पार विसरली आहेत. मग हुकूम निघाला: मास्तरांनी चैत्रात अमरावतीला येऊन शिकावं, वैशाखात गावी जाऊन उन्हाळी वर्ग भरवावा आणि पोरांचं हरवलेलं गणित परत मिळवावं. मिरगाच्या आधी डिपटी साहेब येऊन परीक्षा घेतील. पटावरची बारा पोरं पास झाली तर शाळा राहील. नाही तर पोरांनी चार कोसांवर चांदूर बाजारला जावं.

जानरावांनी गावी येऊन हा हुकूम खुशालराव पाटलांना वाचून दाखवला. पाटील विचारात पडले. काही हरवलं की त्याची वर्दी आपण द्यायची असते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"शेवटचं कवा दिसलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"गनित."

जानरावांनी आठवून सांगितलं, की नवरात्राच्या आधी दिसलं होतं. पाटलांनी मान हलवली.

शाळा पाटलांच्याच सरकीच्या कोठीत भरे. पटावर सव्वीस नावं होती आणि येणारी पोरं अकरा होती. बाकीची पंधरा मानमोडीत गेली होती. त्यांची नावं कमी करायची तर कोतवालाचा दाखला लागे, आणि कोतवालही त्याच आठवड्यात गेला होता. नवा कोतवाल म्हणे, की माझ्या आधीचे मेलेले मी कसे मोजू. त्यामुळं जानराव रोज सकाळी सव्वीस नावं पुकारत. त्या पंधरांतल्या प्रत्येक नावानंतर थोडं थांबत आणि पुढं जात. पहिल्या आठवड्यात पोरं अशा वेळी एकमेकांकडं बघत. दुसऱ्या आठवड्यात बघेनाशी झाली.

अकरा पोरं आणि बारा पास. ही वजाबाकी जानरावांना काड्यांशिवाय आली.

उन्हाळी वर्गाच्या तिसऱ्या दिवशी मनकर्णा आली. गावाच्या खालच्या अंगाला तिची भाजीची वाडी. सोबत नऊ वर्षांची शकुन होती आणि शकुनच्या काखेत पाटी. ही पाटी जानरावांनी ओळखली. ती सहदेवची, शकुनच्या थोरल्या भावाची होती. सहदेव पटावर सतरावा होता. गेला होता बहुतेक पहिलाच.

शकुनला शाळेत घ्या, असं मनकर्णेचं म्हणणं. नवी नावं मिरगानंतर, परीक्षा पटावरच्यांचीच, असं जानरावांनी समजावलं. ती म्हणाली, "तर मंग सहदेवच्या नावावर बसवा. नाव रिकामंच पडलं हाय."

वाड्यात खाट रिकामी असावी तसं ती म्हणाली. जानरावांनी बराच वेळ हजेरीपटाकडं पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी त्यात एक खोटी रेघ ओढली नव्हती. ही तर रेघसुद्धा ओढायची नव्हती. दुसऱ्या दिवशी सतरावं नाव पुकारल्यावर थांबावं लागलं नाही. शकुन म्हणाली, "हजर."

पोरं खरोखरच सगळं विसरली होती. बेरजेत हातचा घ्यायचा म्हटलं की हात पुढं करत. पावकी, निमकी, सवायकी धुऊन निघाली होती. फक्त एक गोष्ट तापातून, उपासातून, चार महिन्यांच्या सुट्टीतून शाबूत आली होती. "सात औट?" असं विचारायचा अवकाश, की कोठीची कौलं उडतील अशा आवाजात अकराच्या अकरा पोरं ओरडत, "साडेपंचवीस."

जानरावांनी काड्या मांडल्या, चिंचोके मांडले. पोरं साडेचोवीस मोजत आणि साडेपंचवीस म्हणत. आपला डोळा चुकला असेल, पाढा कसा चुकेल. घरी बाप विचारी, बापही जानरावांचाच विद्यार्थी, तो कान पिळून पुन्हा साडेपंचवीस करी. दिवसा उतरवलेलं रात्रीत चढे. यात वैशाख अर्धा सरला. शकुन मात्र सहदेवकडून नुसतं ऐकून शिकलेली. तिनं काड्या एकदा मोजल्या आणि साडेचोवीस म्हणाली. पुढं तीच बाकीच्यांना बडवून शिकवू लागली. जानरावांपेक्षा तिचा हात लागू पडला.

आणि एका सकाळी मनकर्णा विळ्यासकट शाळेच्या दारात उभी राहिली. विळा भाजीचा होता, पण पोरं गप्प झाली.

"मास्तर, माह्या पोरीले काय शिकवून राहिले तुमी?"

काय झालं, ते जानरावांनी विचारलं. झालं असं होतं, की शकुन वांग्यांना पाणी देताना औटकी म्हणत होती आणि सातवर आल्यावर साडेचोवीस म्हणाली होती.

"सहदेव साडेपंचवीस म्हने," मनकर्णा म्हणाली. "तुमीच शिकवलं व्हतं त्याले. तापात मले वळखे नाई, पन थे म्हने. शेवटच्या रात्री तेवढंच म्हनून राहिला व्हता."

जानराव म्हणाले, की चूक त्यांची होती, पोराची नव्हती.

"म्हंजे त्यानं चुकीचं म्हनलं? मरेपावतर?"

काड्या जानरावांच्या हातातच होत्या. त्यांनी त्या खाली ठेवल्या.

"नाई बाई," ते म्हणाले. "सहदेवचं बरोबर व्हतं."

"मंग हिचं?"

"हिचंबी बरोबर. यंदा वरून हुकूम आला. पह्यले साडेपंचवीस व्हतं, आता सरकारनं एक कमी केला."

मनकर्णेनं यावर विचार केला. लढाई झाल्यापासून कापड कमी झालं होतं, घासलेट कमी झालं होतं, ज्वारी दिसेनाशी झाली होती. "सरकार सगळंच कमी करून राहिलं," ती म्हणाली, आणि पदरानं विळा पुसत निघून गेली.

शकुन पाटीवरून मान वर करून ऐकत होती. "म्हंजे मास्तर, सहदेवचं साडेपंचवीस आन् माहं साडेचोवीस?"

"हो," जानराव म्हणाले.

एकदा सांगितल्यावर पोराला नेमकं समजावं आणि पुन्हा कधी सांगावं लागू नये, असा त्यांच्या नोकरीतला तो पहिलाच धडा.

डिपटी साहेब ज्येष्ठात बैलांच्या दमणीतून आले. शाळा सकाळची होती, तरी नऊलाच कोठी तापली होती. साहेब माणूस भला होता. शाळा बंद करण्यात त्याला काही गोडी नव्हती, फक्त बंद करायचा कागद त्याच्या पिशवीत होता. दारात गाव जमलं. मनकर्णा उंबऱ्याला लागून उभी होती.

साहेबांनी पट वाचला. गैरहजेरी फार आहे म्हणाले. हवा खराब होती, असं पाटलांनी सांगितलं. सतराव्या नावाला शकुन "हजर" म्हणून उभी राहिली तेव्हा साहेबांनी चष्मा काढला.

"सहदेव म्हणजे ही?"

पाटलांनी खाकरून सांगितलं, की साहेब, आमच्याकडं मूल जगत नसलं की नाव उलटं ठेवतात, म्हणजे मरण फसतं. साहेबांना ते पटलं. मरण यंदा पुष्कळ ठिकाणी फसायला हवं होतं, असं काहीसं ते पुटपुटले आणि परीक्षा सुरू झाली.

प्रत्येकाला एक प्रश्न. साहेब मुद्दाम हलके प्रश्न घालत होते, हे जानरावांच्या लक्षात आलं. एका पोराला चिंचोके मोजायला सांगितले, तर तो "लाभ, दोन, तीन" असा निघाला. साहेब दचकले. धान्य मापताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, असं पाटलांनी समजावलं. साहेबांनी तेही पास केलं. दुसऱ्यानं हातचा घेतला आणि कुठं ठेवला ते विसरला, पण उत्तर आलं. होता होता अकरा पोरं पास झाली. जानरावांनी बोटांवर मोजलं. दहानंतर बोटं संपली, तेव्हा अंगठा पुन्हा धरला.

राहिली शकुन. ती सगळ्यांत हुशार, म्हणून जानरावांनी तिला शेवटी बसवलं होतं.

साहेब हसले. बोरटेकच्या मास्तरांनी सतरंजीखाली काडी शोधली होती, ही गोष्ट अमरावतीहून त्यांच्यापर्यंत आली होती. ते जानरावांकडं वळून म्हणाले, की शेवटचा प्रश्न तुमच्या आवडीचा घालतो.

"सहदेव," त्यांनी विचारलं, "सात औट किती?"

शकुननं साहेबांकडं पाहिलं. मग दाराकडं, आईकडं. सहदेवला विचारलं होतं.

"साडेपंचवीस," ती म्हणाली.

साहेबांची पेन्सिल कागदावर तशीच उभी होती. "नीट आठव, सहदेव," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "घाई नाही."

तिला घाई नव्हतीच. "साडेपंचवीस," तिनं पुन्हा सांगितलं, सहदेव सांगे तसं, शेवटचं अक्षर लांबवून.

मागून अकरा पोरं साडेचोवीस, साडेचोवीस असं कुजबुजू लागली. महिनाभर जे होत नव्हतं ते आता सगळ्यांना एकदम येत होतं. साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"शकु..." जानराव म्हणाले आणि थांबले. तिच्या नावानं विचारलं तर ती साडेचोवीस सांगेल, हे त्यांना माहीत होतं. पण शकुन पटावर नव्हती.

"काही म्हणालात, मास्तर?"

जानरावांनी उंबऱ्याकडं पाहिलं. मनकर्णेनं पदर तोंडावर धरला होता. वरचे डोळे उघडे होते आणि पोरीवरून हलत नव्हते.

"नाही, साहेब."

"चूक आहे ना हे?" साहेबांनी विचारलं. ते अजूनही वाट बघत होते.

"तुम्ही लिहा, साहेब," जानराव म्हणाले. "मला सांगता येणार नाही."

साहेबांनी अकरा लिहिलं. कागद पिशवीतून निघाला, पाटलांनी अंगठ्याऐवजी सही केली, कारण सही तेवढी तेही जानरावांकडूनच शिकले होते. मिरगापासून पोरांनी चांदूर बाजारला जावं. फळा आणि घंटा दमणीत आजच चढवली तर पुन्हा फेरा पडणार नाही, असं साहेबांचा शिपाई म्हणाला, म्हणून तीही चढली. चार कोस कुणाचं पोर जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दमणी पांदणीला लागली तेव्हा चाकाच्या प्रत्येक धक्क्याला घंटा एकेक टोला देत गेली.

गाव पांगलं. मनकर्णा जाता जाता कुणा बाईला सांगत होती, "साहेबापुढं बोलला. घाबरला नाई."

पोरं पाट्या मांडीवर घेऊन बसून होती. शकुननं पाटी पुसली नव्हती. तिनं विचारलं, की आता घरी जायचं का.

जानरावांनी दारातून उन्हाची रेघ कुठवर आली ते पाहिलं. शाळा अकराला सुटे. अजून पाऊण तास होता.

"आठपासून म्हना," ते म्हणाले.

आठ औट अठ्ठावीस, पोरं म्हणाली. नऊ औट साडेएकतीस. दहा औट पस्तीस. पुढचं सगळं बरोबर होतं.