दारावरची पाटी

आमच्या ख्रिस्ती मठात आता आम्ही चौघेच. दोघांना ऐकू येत नाही आणि तिसरे म्हणजे आमचे मठाधिपती, ते बोललेच तर गळक्या छपराबद्दल. पाहुण्यांची खोली माझ्याकडे. पाहुण्यांशी गप्पा मारायची मुभाही मला एकट्यालाच, म्हणून तर या कामाला मी तेवीस वर्षं चिकटून आहे. खोटं कशाला सांगू, मी माणसांचा भुकेला आहे.

खोलीच्या दारावर एक लाकडी पाटी असते. एका बाजूला ‘मौन’, दुसऱ्या बाजूला ‘बोला’. पाहुण्याने हवी ती बाजू पुढे करायची. ‘मौन’ दिसलं की आम्ही नमस्कारसुद्धा मानेनेच करतो. पाहुणा गेला की खोली झाडून पाटी पुन्हा ‘बोला’वर आणायची, हे माझं काम.

हिवाळाभर कुणी फिरकलं नाही. मग एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं पत्र आलं, आठ दिवस राहायला येतो म्हणून. तो पोचला तेव्हा आम्ही प्रार्थनेत होतो. फाटकावर मी लावून ठेवलेली चिठ्ठी वाचून तो आपला आपण खोलीत गेला. मी धापा टाकत आलो, तर दारावर ‘मौन’. घ्या! इतक्या दिवसांनी पाहुणा मिळाला, तोही मुका.

आठ दिवस मी सूप आणि पाव नेऊन ठेवत होतो. तो मान हलवायचा, मी मान हलवायचो. दुपारी तो बागेतल्या बाकावर बसायचा, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. मी समोरचे वाफे खुरपायचो, खुरपलेलेच पुन्हा. जीव तुटायचा, पण नियम म्हणजे नियम.

निघायच्या दिवशी त्याची बॅग मी बसथांब्यापर्यंत नेली. फाटकाबाहेर पाऊल पडताच तो म्हणाला, “आता बोललं तर चालेल ना, ब्रदर?”

“अहो, पाटी तुम्हीच तर फिरवली होती!”

“मी? ती तशीच होती. मला वाटलं, तुमच्याकडे शिस्तच तशी.”

आधीच्या पाहुण्याने फिरवलेली पाटी मी परत ‘बोला’वर आणलीच नव्हती.

“माझी बायको गेली उन्हाळ्यात,” तो म्हणाला. “कुणीतरी सांगितलं, तिथले ब्रदर गप्पिष्ट आहेत, मन मोकळं होईल. रोज वाटायचं, आज तरी शेजारी येऊन बसतील.”

“आजचा दिवस राहा हो. माझ्यासाठी राहा.”

“उद्या मुलगा मला परदेशी नेतोय. कायमचा.”

बस आली. “शेवटी शेवटी ती मला...” त्याने सुरुवात केली आणि ड्रायव्हरने हॉर्न दाबला. तो चढला.

काचेआडून त्याने मान हलवली, आठ दिवस हलवायचा तशीच. मीही हलवली.